मनाचा कल आणि हातून घडलेली कृती : एका ऑनलाइन अभ्यासक्रमाविषयी

आपल्या राष्ट्राशी ज्याचे वैर किंवा स्पर्धा आहे अशा राष्ट्राविषयी एखाद्या नागरिकाला आपुलकी वाटली आणि ती त्याने चारचौघांत बोलून दाखवली, तर कायद्याने त्याच्याकडे कसे पाहावे, या एकाच प्रश्नावर आठ आठवडे चालणारा एक ऑनलाइन अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. व्याख्याने इंग्रजीत असून मराठी उपशीर्षके दिलेली आहेत. दर आठवड्याला चार-पाच ध्वनिचित्रफिती, न्यायालयीन निकालांतील निवडक उतारे, एक छोटी चाचणी आणि पंधरवड्यातून एकदा थेट चर्चासत्र अशी त्याची रचना आहे. मी वकील नाही. न्यायालयीन कागदपत्रांच्या भाषांतराचे काम करतो. त्यामुळे या परीक्षणात आशयाइतकेच शब्दांकडेही लक्ष गेले आहे, आणि तक्रारीचा बराचसा भाग शब्दांविषयीच आहे.

पहिला आठवडा हलकाफुलका आहे. ब्रिटनमधील हुजूर पक्षाचे नेते नॉर्मन टेबिट यांनी १९९० साली मांडलेल्या ‘क्रिकेट चाचणी’पासून सुरुवात होते : दक्षिण आशिया आणि कॅरिबियन बेटांतून आलेले स्थलांतरित सामन्याच्या वेळी कोणत्या संघाच्या बाजूने ओरडतात, यावरून ते खऱ्या अर्थाने ब्रिटिश झाले की नाही ते कळते, असा त्यांचा सूर होता. त्याला जोडून २०१४ साली मेरठमध्ये घडलेला प्रकार येतो. आशिया चषकातील भारत-पाकिस्तान सामन्यानंतर पाकिस्तानच्या विजयाचा जल्लोष केल्याच्या आरोपावरून साठहून अधिक काश्मिरी विद्यार्थ्यांना विद्यापीठाने निलंबित केले, पोलिसांनी राजद्रोहाचे कलम लावले आणि गदारोळानंतर ते मागे घेतले. ही दोन उदाहरणे प्रवेशद्वार म्हणून ठीक आहेत, परंतु व्याख्याते त्यांच्यापाशी फार वेळ थांबत नाहीत आणि थांबण्याजोगे त्यांत फारसे नाहीही.

अभ्यासक्रमाची खरी पकड बसते ती दुसऱ्या आठवड्यात. पडद्यावर एक अर्ज येतो. फेब्रुवारी १९४२ मधील राष्ट्राध्यक्षांच्या आदेशान्वये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत हलवण्यात आले आणि त्यांतले बहुसंख्य लोक जन्माने अमेरिकन नागरिक होते. पुढच्याच वर्षी छावण्यांतील प्रौढांकडून एक प्रश्नावली भरून घेण्यात आली. तिच्यातील सत्ताविसावा प्रश्न सैन्यात जाण्याच्या तयारीविषयी होता. अठ्ठाविसाव्या प्रश्नात अमेरिकेशी बिनशर्त निष्ठेची शपथ घ्याल काय आणि जपानच्या सम्राटावरील निष्ठा सोडून द्याल काय, असे एकाच वाक्यात विचारले होते. व्याख्याते कसलीही प्रस्तावना न करता ‘आता तुम्ही उत्तर द्या’ असे सांगतात आणि खाली ‘होय’ व ‘नाही’ असे दोनच चौकोन दिसतात. मी सहज ‘होय’ला टिचकी मारली. त्यानंतरच्या दहा मिनिटांत त्या ‘होय’चे दोन अर्थ उलगडून दाखवले गेले. जन्माने अमेरिकन असलेल्या आणि जपानच्या सम्राटाशी कधीही काहीही देणेघेणे नसलेल्या तरुणाने ‘सोडून देतो’ म्हणायचे, म्हणजे आजवर ती निष्ठा आपल्यापाशी होती अशी कबुलीच द्यायची. त्याच्या आईवडिलांना तर कायद्याने अमेरिकेचे नागरिकत्व घेताच येत नव्हते. त्यांनी ‘होय’ म्हणायचे, म्हणजे ज्या एकमेव देशाचे ते नागरिक होते त्याच्यावर पाणी सोडायचे. (थोरल्या पिढीसाठी या प्रश्नाची भाषा नंतर बदलावी लागली.) ज्यांनी दोन्ही प्रश्नांना ‘नाही’ लिहिले त्यांच्यापैकी अनेकांची रवानगी ट्यूल लेकच्या कडक बंदोबस्ताच्या छावणीत झाली. निष्ठा मोजण्याचे साधनच सदोष असले की प्रामाणिक माणूसही त्यात नापास होतो, हे कोणत्याही लांबलचक निबंधापेक्षा त्या दोन चौकोनांनी मला अधिक लख्ख दाखवले. संपूर्ण अभ्यासक्रमातील ही सर्वांत उत्तम रचलेली दहा मिनिटे होत.

तिसरा आणि चौथा आठवडा अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांना दिलेला आहे, आणि हे दोन आठवडे मिळत असतील तर बाकीच्यांकडे काणाडोळा करायला माझी हरकत नाही. अँथनी क्रेमर हा जर्मनीत जन्मलेला आणि पुढे अमेरिकन नागरिक झालेला कामगार. जर्मनीविषयीची आत्मीयता त्याने कधी लपवली नव्हती. अमेरिकेने युद्धात उतरू नये, असे त्याचे मत होते. जून १९४२ मध्ये पाणबुडीतून अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरलेल्या आठ जर्मन घातपात्यांपैकी एक जण, वेर्नर थील, हा त्याचा जुना मित्र. थीलने निरोप पाठवला. क्रेमर त्याला न्यूयॉर्कमध्ये भेटला, दोघे उपाहारगृहात बसले, प्याले आणि बराच वेळ बोलत राहिले. त्यांच्या पाळतीवर असलेल्या सरकारी गुप्तहेरांनी हे सारे दुरून पाहिले, मात्र बोलण्यातला शब्दही त्यांच्या कानी पडला नाही. अमेरिकन राज्यघटनेनुसार राष्ट्राशी फितुरी सिद्ध करायला एकाच उघड कृतीचे दोन साक्षीदार लागतात आणि त्या कृतीतून शत्रूला साहाय्य मिळालेले असावे लागते. १९४५ साली पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालयाने क्रेमरची शिक्षा रद्द केली. न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी लिहिलेल्या निकालाचा गाभा असा की, नागरिकाचे मन किंवा बुद्धी शत्रूच्या बाजूला झुकलेली असू शकते, स्वदेशाच्या धोरणाला प्रतिकूल अशी त्याची मते असू शकतात, तरीही जोवर त्याने शत्रूला साहाय्य करणारी कृती केलेली नाही तोवर ती फितुरी नव्हे; आणि उलटपक्षी, एखाद्याच्या कृतीने शत्रूचा फायदा झाला, पण मनात दगा नव्हता, तर तीही फितुरी नव्हे.

युद्ध चालू असताना शत्रूचा माणूस समोर बसलेला आहे आणि तरीही न्यायालय विचारते की, त्या टेबलावर नेमके घडले काय? शांततेच्या काळातील एखाद्या घोषणेवरून किंवा झेंड्याच्या चित्रावरून जेव्हा गहजब होतो, तेव्हा हा प्रश्न कोणी विचारत नाही. व्याख्यात्यांनी येथे आवाज न चढवता निकालातील परिच्छेद संथपणे वाचून दाखवले आहेत.

परंतु क्रेमरपाशीच थांबले असते तर हे शिक्षण एकांगी झाले असते. चौथ्या आठवड्यात त्याच घातपात्यांपैकी दुसऱ्याच्या, हर्बर्ट हॉप्टच्या, वडिलांचा खटला येतो. हान्स हॉप्ट यांनी मुलाला घरात ठेवून घेतले, मोटार घेण्यास मदत केली आणि बॉम्बफेकी विमानांच्या नेमयंत्राचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात त्याला नोकरी मिळावी म्हणून प्रयत्न केले. १९४७ साली त्यांची शिक्षा कायम झाली. आसरा देणे ही कृती होती आणि तिचे साक्षीदार होते. प्रश्न उरला तो एवढाच की, हे त्यांनी बाप म्हणून केले की शत्रूचे पाठीराखे म्हणून? त्याचे उत्तर शोधताना वडिलांनी पूर्वी जर्मनीच्या बाजूने काढलेले उद्गार पुराव्यात घेतले गेले आणि अशा पुराव्याकडे सावधपणे पाहावे असे बजावत न्यायालयाने ते चालवून घेतले. म्हणजे मनाचा कल हा स्वतंत्र गुन्हा नसला, तरी पुढे काही कृती घडली की मागे बोललेले प्रत्येक वाक्य साक्षीला उभे राहू शकते. भाषणस्वातंत्र्य पुढच्या दाराने आत घेतले आणि मागच्या दाराने थोडेसे बाहेर काढले, असेच म्हणावे लागेल. अभ्यासक्रमाने ही अडचण दडवलेली नाही, हे विशेष.

पाचव्या आठवड्यात शब्द हीच कृती ठरते तेव्हाचे खटले आहेत. विल्यम जॉइस जन्माने अमेरिकन. तरी युद्धकाळात बर्लिनहून ब्रिटनविरोधी नभोवाणी भाषणे केल्याबद्दल ३ जानेवारी १९४६ रोजी लंडनमध्ये फाशी गेला तो ब्रिटिश राजाशी फितुरी केल्याच्या गुन्ह्यासाठी. खोटी माहिती देऊन त्याने ब्रिटिश पासपोर्ट मिळवला होता, आणि ज्याचे संरक्षण घेतले त्याच्याशी निष्ठा बाळगण्याचे बंधन पासपोर्टची मुदत असेपर्यंत होते, या युक्तिवादावर सारा खटला तोलला गेला. इव्हा तोगुरी हिची कथा नेमकी उलटी आहे. लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेली ही तरुणी युद्ध सुरू झाल्यामुळे जपानमध्ये अडकली. दबाव असूनही तिने अमेरिकन नागरिकत्व सोडले नाही, पण रेडिओ तोक्योवर निवेदन केले म्हणून १९४९ मध्ये दोषी ठरली. पुढे साक्षीदारांनी आपल्यावर दडपण आणून साक्ष वदवून घेतल्याचे सांगितले आणि १९७७ साली राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी तिला माफी दिली. एकाची निष्ठा कागदावर होती आणि मनात नव्हती, तर दुसरीची मनात होती पण ती कोणी मान्य केली नाही. दोन्ही खटले शेजारी शेजारी ठेवण्याची कल्पना चांगली आहे. हाताळणी मात्र घाईची आहे.

आता उपशीर्षकांविषयी. यंत्राने केलेले भाषांतर कोणी माणसाने नजरेखालून घातलेले नसावे, अशी शंका पहिल्याच आठवड्यात येते आणि तिसऱ्यात तिची खात्री पटते. अमेरिकन राज्यघटनेतील ‘एड अँड कम्फर्ट’ या शब्दांचे मराठी रूप पडद्यावर ‘मदत आणि आराम’ असे उमटते. घातपात्याला कोणी आरामखुर्ची दिली होती की काय, असे वाटावे! हसून सोडून देता येण्याजोगी ही चूक आहे. दुसरी तशी नाही. व्याख्याते ‘ट्रीझन’, ‘सिडिशन’ आणि ‘डिसलॉयल्टी’ हे तीन शब्द जाणीवपूर्वक वेगळे वापरतात, एके ठिकाणी तर त्यांच्यातील फरकावर पंधरा मिनिटे बोलतात, आणि त्या पंधराही मिनिटांत खाली तिन्हींसाठी ‘देशद्रोह’ हा एकच शब्द धावत असतो. वास्तविक मराठीपाशी या बाबतीत शब्दांचे दारिद्र्य नाही. शत्रूला जाऊन मिळण्याला आपल्या बखरींपासून ‘फितुरी’ हा नेमका शब्द आहे. सरकारविरुद्ध चिथावणी देण्याला ‘राजद्रोह’ आहे, आणि तो तर टिळकांमुळे शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. नुसत्या पातळ झालेल्या निष्ठेला ‘निष्ठेचा अभाव’ म्हणता येते. ‘देशद्रोह’ हा शब्द आपल्या दंडसंहितेत गुन्ह्याचे नाव म्हणून कधी नव्हता. तो सभेतला आणि भांडणातला शब्द आहे. ज्या अभ्यासक्रमाचा सारा भर या छटा वेगळ्या करण्यावर आहे, त्यानेच मराठी वाचकासमोर त्यांचा काला करून ठेवावा, हे मला फार लागले.

भारताच्या वाट्याला एकच आठवडा, सहावा, आला आहे. त्यात केदारनाथ सिंह खटल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा १९६२ चा निकाल आहे : राजद्रोहाचे कलम १२४-अ वैध, मात्र हिंसेला चिथावणी किंवा सार्वजनिक अव्यवस्था माजवण्याचा रोख असेल तेव्हाच लागू. बलवंत सिंग खटल्याचा १९९५ चा निकाल आहे. इंदिरा गांधींची हत्या झाली त्याच दिवशी, ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी, चंडीगडमध्ये चित्रपटगृहाबाहेर दोघांनी खलिस्तानच्या बाजूने घोषणा दिल्या. ऐकणाऱ्यांपैकी कोणी प्रतिसाद दिला नाही. एकट्यादुकट्याने एक-दोनदा दिलेल्या अशा घोषणांनी राजद्रोह होत नाही, असे न्यायालयाने ठरवले. आणि मार्च २०२४ मधला, आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या खटल्याचा निकाल आहे. महाविद्यालयात शिकवणाऱ्या एका काश्मिरी प्राध्यापकाने व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर ५ ऑगस्ट (कलम ३७० रद्द झाले तो दिवस) हा जम्मू-काश्मीरसाठी काळा दिवस असल्याचे लिहिले आणि १४ ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा दिल्या. त्याच्यावर कलम १५३-अ खाली, म्हणजे समाजगटांत वैर पसरवल्याचा, गुन्हा नोंदवला गेला. न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती उज्जल भुयान यांच्या खंडपीठाने तो रद्द केला. दुसऱ्या देशाच्या नागरिकांना त्यांच्या स्वातंत्र्यदिनी शुभेच्छा देण्यात गैर काही नाही आणि पोलीस यंत्रणेलाच अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे शिक्षण देण्याची वेळ आली आहे, असे खंडपीठाने म्हटले. शब्दांचा परिणाम मोजायचा तो विचारी, खंबीर माणसाच्या मापाने, दुर्बळ आणि डळमळीत मनाच्या माणसाच्या मापाने नव्हे, ही नागपूरच्या उच्च न्यायालयात १९४६ साली न्यायमूर्ती व्हिवियन बोस यांनी दिलेली कसोटी या निकालात पुन्हा वापरली गेली आहे. व्याख्यात्यांनी बोस यांचा उल्लेखही केलेला नाही. १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १५२ ला तर दोन मिनिटे मिळतात. तेथे ‘राजद्रोह’ हा शब्द नाही, पण सार्वभौमत्व आणि एकता-अखंडता धोक्यात आणणाऱ्या कृत्यांना जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे आणि त्या कृत्यांत बोललेले व लिहिलेले शब्दही येतात.

सर्वांत मोठी उणीव १८९७ ची आहे. टिळकांवरील पहिल्या राजद्रोहाच्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला समजावून सांगताना कलम १२४-अ मधील ‘डिसअफेक्शन’ या शब्दाचा म्हणजे केवळ प्रीतीचा अभाव, असा अर्थ लावला आणि वैर, नावड, तिरस्कार अशी दुर्भावनेची सारी रूपे त्यात बसवली. टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. १९२२ साली अहमदाबादच्या न्यायालयात याच कलमाखाली उभे राहिलेले गांधीजी म्हणाले की, प्रीती कायद्याने निर्माण करता येत नाही. या अभ्यासक्रमाचा सारा प्रश्न, म्हणजे राज्यसंस्थेला नागरिकाच्या वागण्यावर हक्क आहे की त्याच्या प्रेमावरही, या दोन प्रसंगांत उभा आहे. सरकारवरील प्रेम आटणे हा गुन्हा मानला की दुसऱ्या कोणावर प्रेम बसणे हा त्याहून मोठा गुन्हा ठरायला किती वेळ लागणार? क्रेमरच्या आधी स्ट्रॅची शिकवले असते, तर जॅक्सन यांनी कोणती वाट नाकारली हे विद्यार्थ्याला आपोआप कळले असते.

आणखी एक गोष्ट सबंध अभ्यासक्रमात धूसर राहते. ‘शत्रू’ आणि ‘प्रतिस्पर्धी’ हे शब्द व्याख्याते आलटूनपालटून वापरतात. फितुरीच्या कायद्याला शत्रू लागतो, आणि शत्रू म्हणजे ज्याच्याशी प्रत्यक्ष युद्ध चालू आहे तो. व्यापारात, सीमातंट्यात किंवा खेळाच्या मैदानात समोर असलेले राष्ट्र त्या अर्थाने शत्रू नसते. त्याच्याशी राजनैतिक संबंध असतात, त्याच्या दूतावासावर त्याचा झेंडा फडकत असतो. भारतीय राज्यघटनेत तर परकीय राष्ट्रांशी असलेले मैत्रीचे संबंध जपण्यासाठी भाषणावर निर्बंध घालण्याची तरतूद १९५१ पासून आहे; तिचा रोख परराष्ट्राविषयी चांगले बोलणाऱ्यापेक्षा वाईट बोलणाऱ्याकडे अधिक वळतो, ही गंमत कोणाच्या लक्षात आलेली दिसत नाही.

चाचण्यांविषयी बोलावे असे फार नाही. प्रत्येक प्रश्नाला ‘गुन्हा’ आणि ‘गुन्हा नाही’ असे दोनच पर्याय आहेत. दुसऱ्या आठवड्यात दोन चौकोनांच्या सापळ्यावर इतके मर्मभेदी शिकवल्यानंतर आठव्या आठवड्यापर्यंत आपल्यालाही दोन चौकोनांतच उत्तरे द्यायला लावणे, यातील विसंगती मी चर्चासत्रात मांडली. व्याख्यात्यांनी ती मोकळेपणाने मान्य केली, हे नोंदवले पाहिजे.

त्याच सत्रात एका सहाध्यायी महिलेने विचारलेला प्रश्न मात्र अनुत्तरित राहिला. त्यांचे म्हणणे असे की, येथे शिकवलेले बरेचसे खटले अखेरीस नागरिकाच्या बाजूने सुटतात, मग नागरिक इतके घाबरलेले का असतात? मला वाटते, उत्तर तारखांत आहे आणि त्या आपल्याच टिपणांत होत्या. बलवंत सिंग खटल्यातील घोषणा १९८४ च्या आणि सुटका १९९५ ची. कोल्हापूरच्या प्राध्यापकाचे स्टेटस ऑगस्ट २०२२ चे आणि निकाल मार्च २०२४ चा, तोही मुंबई उच्च न्यायालयाने दिलासा नाकारल्यानंतर. तोगुरीच्या बाबतीत मधली वर्षे अठ्ठावीस. या काळात नोकरी, शेजार आणि वकिलाची फी यांचे काय होते, याबद्दल आठ आठवड्यांत एकही व्याख्यान नाही. १९६२ च्या चीन युद्धानंतर राजस्थानातील देवळीच्या छावणीत ठेवलेल्या सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांचा तर उल्लेखच नाही. त्यांतील अनेकांचा जन्म भारतातला होता आणि त्यांच्यापुढे न्यायालय आलेच नाही. जे खटले निकालापर्यंत पोहोचले तेवढेच शिकवायचे ठरवले की कायदा आहे त्यापेक्षा उदार दिसू लागतो.

विरोधी बाजू मांडण्यातही हात आखडता घेतला आहे. सैनिकाच्या घरात मृत्यूची बातमी आलेली असताना गल्लीत दुसऱ्या बाजूचा जयजयकार ऐकणाऱ्या माणसाचा संताप हा केवळ असहिष्णुता म्हणून झटकून टाकता येत नाही. प्रचार हे युद्धाचे हत्यार असते, हे जॉइसच्या खटल्यानेच दाखवले आहे. या भूमिकेचा एखादा जाणकार पुरस्कर्ता बोलावून त्याला एक आठवडा दिला असता, तर उरलेले सात अधिक कसदार झाले असते. जे आधीच सहमत आहेत त्यांनाच पटेल असे शिकवणे सोपे असते.

तांत्रिक बाजू समाधानकारक आहे. ध्वनिचित्रफिती उतरवून घेता येतात, उतारे मूळ निकालांतून दिलेले आहेत आणि ते शोधण्यासाठी परिच्छेद क्रमांकही आहेत. आठवड्याला सहा तास पुरतात, असे माहितीपत्रकात म्हटले आहे. क्रेमरचा निकाल मुळातून वाचायचा असेल तर दहा धरावेत. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी, बातमीदारांनी आणि पोलीस ठाण्यात फिर्याद लिहून घेणाऱ्यांनी दुसरा, तिसरा आणि चौथा आठवडा आवर्जून करावा. भारतीय कायद्यासाठी मात्र या अभ्यासक्रमावर विसंबू नये. इंग्रजी जेमतेम कळत असेल तर उपशीर्षके बंद ठेवून सावकाश गतीने ऐकणे अधिक सुरक्षित आहे.

अभ्यासक्रम संपल्यावर मी उपशीर्षकांतील चुकांची चार पानी यादी आयोजकांना पाठवली. तीन आठवड्यांनी आभाराचे पत्र आले. काल पुन्हा तिसरा आठवडा उघडून पाहिला : ‘मदत आणि आराम’ जाऊन तेथे ‘साहाय्य आणि पाठबळ’ आले आहे; ‘देशद्रोह’ मात्र तिन्ही ठिकाणी अजून तसाच आहे.